पपनसाच्या दोन बश्या

लेकीनं पपनसाच्या दोन बश्या बाबांपुढे ठेवल्या. दोन्हीकडच्या फोडी फिकट गुलाबी, रसानं टम्म. नुसतं बघून फरक सांगायची कुणाची टाप नव्हती.

"एकाच फळाच्या बियांची दोन झाडं," ती म्हणाली. "एकात कडू द्रव्य तयार करणारं जनुक शाबूत आहे. दुसऱ्यात ते मुळातच मोडलंय, म्हणून फळ नुसतं गोड. आता सांगा, कुठलं कुठलं?"

"आणि अंगाला चांगलं ते कडूच ना? मी कधीपासून सांगतोय."

"तेच शोधायला आम्ही प्रयोगशाळेत इतकी वर्षं खपलो, बाबा."

"मग एवढी यंत्रं कशाला घेतलीत? मला विचारायचं!" बाबा हसले. हसताना किरणोपचारांनी काळवंडलेली गळ्याची कातडी ताणली गेली.

फळबाजारात त्यांना 'मीटर' म्हणत. त्यांनी चाखून मान हलवली की माल उतरायचा, नाहीतर आल्या वाटेनं परत. आजारपणात ते सगळं थांबलं होतं. पण चव परत आली असं ते स्वतःच सांगत होते आणि सोमवारपासून बाजारात जायचं ठरलंही होतं. त्यांची घडीची सुरी धार लावून टेबलावर तयार होती. लेकीनं पपनसं त्याच सुरीनं कापली होती.

बाबांनी डावीकडची फोड तोंडात टाकली, मग उजवीकडची. चव घेताना ते नेहमी डोळे मिटून घेत. आज डोळे उघडे होते आणि लेकीच्या चेहऱ्यावर खिळले होते. तिला ते जरा खटकलं, पण उत्तर ऐकायची घाई झाली होती.

"ही कडवट," त्यांनी डावी बशी पुढे सरकवली. "आणि ही म्हणजे नुसती साखर."

नेमकं उलटं होतं. उजव्या बशीतल्या फळाची फोड लेकीनं सकाळी बागेत चाखली होती, आणि तो कडवटपणा अजून तिच्या जिभेवरून गेला नव्हता.

ओट्यापाशी उभ्या असलेल्या आईनं गॅस बंद केला. परवा ती भाजीत मीठ घालायला विसरली होती. बाबांनी 'फक्कड झालीय' म्हणत ती दोनदा वाढून घेतली होती. नवऱ्यानं आपलं मन राखलं, म्हणून तेव्हा तिला केवढं बरं वाटलं होतं.

"बरोबर, बाबा," लेक म्हणाली. तिला रडू येत होतं.

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग उजव्या बशीतली एक फोड उचलून त्यांनी आईपुढे धरली.

"घे गं. तुला कडू चालत नाही. ही गोड आहे."

आईला पपनसाचा कडवटपणा जन्मात सोसला नव्हता. जिभेला लागला की ती थू थू करत घर डोक्यावर घ्यायची आणि बाबा पोट धरून हसायचे. तिनं फोड घेतली. चावली. एक डोळा आपोआप बारीक झाला, खांदे शहारले. तरी तिनं ती गिळली.

"हो," ती म्हणाली. "गोडच आहे हो."

बाबांनी मान हलवली. फडकं घेऊन सुरीचं पातं पुसलं, पुन्हा एकदा पुसलं आणि सुरी मिटली.

"सोमवारचं राहू दे," ते म्हणाले. "हवा काही बरी नाही."

बाहेर स्वच्छ ऊन पडलं होतं. बाबांनी सुरी लेकीच्या हातात ठेवली आणि तिची बोटं त्यावर मिटवली.

"तुमच्याकडे फळं कापावी लागतात, तुला उपयोगी होईल," ते म्हणाले. "फक्त बोट सांभाळ. कालच धार लावलीय."