राहिलेला केक

तात्यारावांनी सत्तराव्या वर्षी पहिल्यांदा केक केला, तोही लेकीच्या कादंबरीतला. त्या कादंबरीत वाढदिवसाच्या दिवशी अननसाच्या केकची वाट पाहत एक मुलगी दारातच झोपी जाते, आणि वडील घरी येतच नाहीत. तीन वर्षांत पहिल्यांदाच वडिलांच्या विश्रांतवाडीच्या घरी आलेली लेक चैताली टेबलावरचा केक पाहून दारातच थबकली.

“बाबा, कादंबरीत सगळं खरं नसतं.”

“हे खरं आहे. मी आलो नव्हतो.”

“ती मुलगी शेवटी वडिलांना माफ करत नाही. वाचलंत ना?”

“दोनदा वाचलं.” त्यांनी सुरी पुढे केली. “माफीसाठी नाही गं. तुझा केक राहिला होता, म्हणून केला.”

चैतालीने आत येऊन केक कापला. पहिला घास त्यांना न भरवता स्वतःच खाल्ला. मग बशी पुढे केली. “अजून द्या.”