मध्येच जाणारा दिवा

बंद पडलेल्या गिरणीचे फ्लॅट झाले आणि गिरणीच्या जुन्या मॅनेजरसाहेबांनी त्यातलाच एक हौसेनं घेतला. घर झकास होतं. फक्त संडासातला दिवा, साहेब आत बसले की नेमका मध्येच जायचा. ज्यानं वायरिंग केलं होतं त्या इलेक्ट्रिशियनला त्यांनी तिसऱ्यांदा बोलावलं.

"अहो, या वयात मला आंधळी कोशिंबीर खेळायला लावलीय तुम्ही. काल अंधारात पाय घसरला, पडता पडता वाचलो."

इलेक्ट्रिशियननं साळसूदपणे स्विच उघडला, आत फुंकर मारली आणि पुन्हा बंद केला. "वायरिंग ठणठणीत आहे, साहेब."

घरी आई आपल्या एकुलत्या एक लेकाची वाट बघत बसली होती. त्याच गिरणीत तिची उमेदीची वर्षं गेली होती. तो चपला काढतोय तोवर तिनं विचारलं, "अजून जातो ना दिवा?"

"जातो. पण आई, गिरणीच्या भंगारातला तो टायमर आता काढून टाकतो मी. म्हातारा माणूस आहे, काल पडता पडता वाचला. झाली तेवढी अद्दल पुरे."

"हात लावू नकोस त्याला. बायका आत वेळ घालवतात म्हणून त्यानंच तो आमच्या संडासात बसवला होता."

"माहीत आहे गं. पण किती दिवस धरून बसायचं?"



"मी त्या अंधारात पडले, तेव्हा तुझा थोरला भाऊ पोटात होता."