बिनदाराची खोली

सारजाबाई पुन्हा टेबलावर उठून बसल्या. टेक्निशियन त्यांना नीट झोपवून बाहेर पडला, की बाई उठल्याच. मागं पुण्यात, उपचाराच्या खोलीचं जाडजूड दार लागताना बघून घाबरलेल्या बाई तशाच गावी, पणदऱ्याला परतल्या होत्या. छातीतली कॅन्सरची गाठ काढून झाली होती, किरणं घ्यायची तेवढी राहिली होती. आता आणखी उशीर जिवावर बेतणारा होता.

बारामतीतली ही खोली काटेवाडीच्या संजीवनीनं आखली होती आणि तिला दारच ठेवलं नव्हतं. दाराऐवजी जाड भिंतींमधून दोनदा वळणारी लांब वाट. दर वळणावर किरणांचा जोर मोडतो, बाहेर येईपर्यंत काही उरत नाही. हे पटेपर्यंत इस्पितळाच्या ट्रस्टचे अध्यक्ष बापूसाहेबांनी तिच्या नाकी नऊ आणले होते. वाटेत एवढी जागा घालवायची म्हणजे काय, हा त्यांचा सवाल. आज पहिल्या पेशंटच्या वेळी ते जातीनं हजर होते.

"दार काढलंत तुम्ही. बाईंची भीती गेली का?" ते म्हणाले.

संजीवनीनं खोलीतलं चित्र दाखवणाऱ्या पडद्याकडं पाहिलं. माइकवरून धीर द्यावा, तर भिंतीतून येणाऱ्या परक्या आवाजानं बाई आणखीच दचकत. तिनं सारजाबाईंच्या यजमानांना, मोहनरावांना, वाटेच्या तोंडाशी उभं केलं.

"आबा, हितनं बोला. किरणं वळणावर अडत्यात, आवाज अडत न्हाय."

"काय बोलू?"

"घरी बोलता तेच."

मोहनरावांनी घसा खाकरला. "अगं, सकाळी म्हस दावं तोडून पळाली. रेडकू तिच्या मागं. दोघं शेजारच्या उसात..."

पडद्यावर सारजाबाई हळूच आडव्या झाल्या. टेक्निशियननं लगबगीनं आत जाऊन त्यांना नीट झोपवलं, तो बाहेर आला आणि यंत्र सुरू झालं. मोहनरावांच्या शेजारी ठेवलेल्या, किरणं मोजणाऱ्या मीटरचा काटा जागचा हलला नाही. म्हैस उसातून कालव्याकडं निघाली, अर्धं गाव मागं लागलं, बापूसाहेबही कान देऊन ऐकू लागले. बाई अगदी निश्चल.

यंत्र थांबलं. मोहनराव गप्प झाले आणि त्यांनी टोपीनं घाम पुसला. संजीवनीला आनंदानं रडूच फुटलं. आजचा उपचार पुरा झाला होता, तरी सारजाबाई काही उठेनात.

मग दोन वळणं ओलांडून आतून आवाज आला, "अवं, गप का झाला? रेडकू घावलं का न्हाय?"