दोनशे चौदाची तक्रार

"परत तोच," रिसेप्शनिस्ट म्हणाली. "दोनशे चौदा नंबरवरून फोन. उचलला की पलीकडे कुणीच बोलत नाही."

"कितव्यांदा?"

"अकरापासून सहाव्यांदा. मला आता भीती वाटायला लागलीय, सर्व्हर."

गोठवलेले मटार आणि मासे विकणाऱ्या त्या कंपनीत त्याला सगळे सर्व्हरच म्हणत. टेबलांवरचे फोन, मेल, आपसातले निरोप, सगळं तो एकटा सांभाळायचा. चाललं की कुणी त्याचं नाव काढायचं नाही आणि अडलं की सगळी बोटं त्याच्याकडे वळायची.

आज तर जास्तच. मोठे साहेब सकाळी त्याच्या टेबलापाशी येऊन म्हणाले होते, "चारला बाहेरच्या कंपनीचे लोक येतायत. तोवर यादीत एक जरी तक्रार उघडी दिसली, तर सोमवारपासून हे काम त्यांचं. मग तुमचं काय करायचं ते बघू."

ही दोनशे चौदाची धरून यादीत तेवीस तक्रारी होत्या, आणि हे दुखणं त्यानंच ओढवून घेतलं होतं. काल संध्याकाळी त्यानं फोनच्या यंत्रणेत नवी आवृत्ती चढवली. तेव्हापासून निम्म्या फोनांवर समोरच्याचं ऐकू यायचं, पण आपलं बोलणं पलीकडे पोचायचं नाही. उपाय सोपा होता. फोनची वायर काढायची, परत लावायची. पण तो प्रत्येक टेबलापाशी जाऊन करावा लागत होता.

त्या कालच्या संध्याकाळपायी घरीही बिनसलं होतं. सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायचं त्यानं कबूल केलं होतं आणि तो ऑफिसातच अडकला. बायको याच कंपनीच्या गोदामात मालाची मोजणी करायची. एरवी दोघं एकाच स्कूटरवर यायचे. आज ती एकटीच पुढे निघाली.

"तुझ्याशी बोलायचं तर मलाही तक्रारच नोंदवायला हवी," दारातून ती म्हणाली होती.

हे त्याला लागलं होतं, कारण ते खरं होतं. साडेअकराला त्यानं तिला निरोप टाकला, 'जेवायला येतेस का?' तिनं बघितलाही नाही. मोबाइल लावला तर लागेना. रुसली की ती फोन बंद करून ठेवायची, त्यामुळे त्याला त्यात नवल वाटलं नाही. संध्याकाळी नाक घासून माफी मागू, असं ठरवून तो पुढच्या टेबलाकडे वळला.

शनिवार होता. दोनपर्यंत ऑफिस रिकामं झालं, गोदामाच्या गाड्याही माल भरून गेल्या. रिसेप्शनिस्टनं जाताना आपले कॉल त्याच्या मोबाइलवर वळवले.

"तो दोनशे चौदा आता तुमच्या गळ्यात," ती म्हणाली.

बावीस तक्रारी मिटल्या होत्या. हीच एक उरली होती. नोंदीत दोनशे चौदा म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची जुनी मीटिंगरूम. तिथल्याही फोनचा आवाज जात नसणार, वायर काढून लावली की झालं, असं म्हणत तो जिना चढला.

खोली वर्षभर वापरात नव्हती. खुर्च्या एकावर एक रचलेल्या, टेबलावर बोटभर धूळ. भिंतीशी वायर लोंबत होती. फोन नव्हताच.

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. दोनशे चौदा.

ज्या खोलीत तो एकटा उभा होता, त्याच खोलीतून त्याला फोन येत होता.

"हॅलो? कोण आहे?"

काहीच नाही. पण पलीकडून कुणी फोन ठेवतही नव्हतं.

"हे बघ," तो म्हणाला. भीतीमुळे त्याचा आवाज चढला होता. "कोण आहेस ते मला माहीत नाही. बोलायचं नसेल तर बस तसाच गप्प. मी आता तुझी लाइनच कापतो."

त्यानं कॉल तोडला. खाली येईपर्यंत दोनदा परत वाजला.

फोनच नाही आणि नंबर चालू, याचा अर्थ त्याच्या लेखी एकच होता. बाहेरचा कुणी भामटा पडून राहिलेला नंबर वापरत होता. असे प्रकार त्यानं वाचले होते. कॉल नेमका कुठल्या वायरीवरून येतोय ते हुडकता आलं असतं, पण त्यात दोन तास गेले असते. घड्याळात अडीच वाजले होते.

त्यानं पडद्यावर दोनशे चौदा निवडला आणि नंबर कायमचा बंद केला. मोबाइल तेव्हाही वाजत होता. वाजणं मध्येच थांबलं. तक्रारीपुढे त्यानं लिहिलं, 'गैरवापर. नंबर रद्द. निकाली.'

चारला बाहेरची माणसं आली. यादी कोरी बघून त्यांचे चेहरे पडले. साहेबांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं आणि याच्या पाठीवर हात ठेवला.

"काम तुमच्याकडेच," ते म्हणाले.

त्याला खूप हलकं वाटलं. हे आधी तिला सांगायचं होतं. त्यानं लिहिलं, 'नोकरी वाचली. काल मी चुकलो. आता तुला घ्यायला येतो, मग आईंकडे जाऊ.' साडेअकराचा निरोपही तिनं अजून बघितला नव्हता.

गोदामाच्या वाटेवर वायरमन भेटला. त्याला सगळे पक्कड म्हणत.

"दादा, आज काय खुशीत?"

"तेवीसच्या तेवीस मिटवल्या. शेवटची भुताची होती. दोनशे चौदा. खोलीत फोन नाही आणि कॉल मात्र दिवसभर. टाकला बंद करून."

"मीटिंगरूमचा ना? तो तिथून मीच काढला, मागच्या महिन्यात. नोंद करायला तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं बघा."

"काढलास? मग लावलास कुठे?"

"गोदामातल्या शीतगृहात, आतल्या बाजूला," पक्कड म्हणाला. "वहिनीच मागे लागल्या होत्या. दार कधीकधी आपोआप लागतं, मग आतून उघडत नाही, निदान हाक मारायला फोन तरी असू दे म्हणाल्या."