आसाई यादीत नव्हती

दोरालिसीबाई लेकीच्या दातांच्या दवाखान्याच्या दारात येऊन हसल्या आणि जासिरा हातातलं काम टाकून पुढे आली. आईचे दात जांभळे झाले होते.

गुरुवारी दीड तास खपून तिनेच ते पांढरे केले होते. आज शनिवार. त्यात आई एकटी आली नव्हती. गल्लीतल्या चार बायका मागे उभ्या होत्या, झुल्मिराबाई सगळ्यांच्या पुढे.

"आई, तू आसाई खाल्लीस?"

"खाल्ली की. तळलेल्या मासळीबरोबर, चांगली वाडगाभर."

"अगं, दोन दिवस फक्त पांढरं खायचं म्हटलं होतं ना मी? यादी दिली होती तुला!"

दोरालिसीबाईंनी झग्याच्या खिशातून यादी काढली, चष्मा चढवला आणि सगळ्यांसमोर वाचायला घेतली. "कॉफी नको. बीट नको. टोमॅटो नको. लाल वाइन नको. ती मी कधी प्यायले? चॉकलेट नको. भात चालेल, केळं चालेल, पांढरी मासळी चालेल. आता आसाईचं नाव दाखव."

नाव नव्हतंच. यादी साओ पाउलोची, जासिरा शिकली त्या कॉलेजात छापलेली. तिकडे आसाई म्हणजे बर्फ आणि साखर घालून कधीमधी खायची चैन. इथे बेलेममध्ये ही काळी फळं रोज घुसळायची, त्यांचा दाट जांभळा गर ताटात नसेल तर माणूस जेवलो म्हणत नाही. दोरालिसीबाईंचं तर दुकानच आसाईचं. यादी करणाऱ्याच्या ते गावीही नव्हतं, पण जासिरालाही सुचलं नाही याची तिला लाज वाटली. रोजच्या जेवणाला कोणी पथ्यात धरतं का?

दवाखाना उघडून तीन महिने झाले होते. दात उपटायला लोक यायचे, बाकी कामांसाठी बस पकडून शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचे. "हिचा शेंबूड पुसलाय मी," असं झुल्मिराबाई सांगत फिरायच्या, आणि ते खरंही होतं. साओ पाउलोच्या एका दवाखान्याने जासिराला नोकरीला बोलावलं होतं. हो की नाही, ते आज बारापर्यंत कळवायचं होतं. आईचे दात पांढरे करून गल्लीला आपलं काम दाखवायचं, हा तिचा शेवटचा प्रयत्न. गुरुवारी दोरालिसीबाई गल्लीभर हसत फिरल्या आणि गल्लीने एका दमात निकाल दिला, कवळी आहे. छान बसलीय, असं कौतुकही झालं. शुक्रवारी जासिराने माळ्यावरची बॅग खाली काढली. दोघीच राहायच्या त्या घरात. पोर गेली की घर खायला उठणार हे दोरालिसीबाईंना दिसत होतं.

"कवळीलाही रंग चढतो म्हणायचा," झुल्मिराबाई म्हणाल्या. "स्वस्तातली असेल."

बाकीच्या तिघी खुसखुसल्या. जासिराने घड्याळात पाहिलं. दहा वाजून गेले होते. दार लावून घ्यावं आणि ढसाढसा रडावं, असं तिला वाटलं.

"बस खुर्चीत," ती आईला म्हणाली. आवाजात राग होता.

तिने दिवा लावला, पेस्ट घेतली, छोटा फिरता ब्रश चालू केला. बायका खुर्चीभोवती गोळा झाल्या. झुल्मिराबाईंनी तर मान इतकी आत घातली की जासिराला कोपराने ढकलावं लागलं.

"दातांत कळ येतेय का गं?" जासिराने विचारलं.

दोरालिसीबाईंनी हो म्हणून मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं, तरी हाताने खूण केली, चालू दे.

एक दात उजळला. मग शेजारचा. चूळ भरली तेव्हा बेसिनमध्ये जांभळं पाणी गेलं. अर्ध्या तासाने पुढचे सगळे दात गुरुवारसारखे झाले होते. खुसखुस केव्हाच थांबली होती.

"अगं बाई, कवळी कुठली!" झुल्मिराबाई ओरडल्या. "हिरडीतनंच आलेत की! हिचे स्वतःचे आहेत!"

"मागच्या दाढेवर थोडी छटा राहिलीय," जासिरा म्हणाली. "ती सोमवारी बघू."

सोमवारी म्हटल्यावर तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

"सोमवारी आधी मी," झुल्मिराबाई म्हणाल्या. "आणि यादीत आसाई लिही हं, नाहीतर मीही खाईन." मागच्या तिघींत आपला नंबर कितवा यावरून जुंपली. जासिराने वहीत चार नावं लिहिली, मग आत जाऊन साओ पाउलोला फोन केला. तिचं 'नाही' मिनिटभरात सांगून झालं.

बायका गेल्या. जासिराने पेन घेऊन यादीच्या अगदी वरती मोठ्या अक्षरात आसाई लिहिलं आणि कागद आईपुढे धरला.

"आता तरी लक्षात ठेव, आई. हिचा डाग पडतो."

"डाग पडतो हे मला काय ठाऊक नव्हतं होय?" दोरालिसीबाई गळ्यातला कागदी रुमाल सोडत म्हणाल्या. "तो तुझ्या हातून जातो, हे त्यांना ठाऊक नव्हतं."