खूण पटवून न्यावी

सापडलेली अंगठी मी मालकिणीला परत केली. म्हणजे केलीच नाही. माझ्याकडे धातू शोधायचं मशीन नाही आणि बाग कुठे आहे, हेही मला ठाऊक नाही.

तरी 'पुरुषाची अंगठी सापडली, खूण पटवून न्यावी' अशी चिठ्ठी कुणीतरी माझ्या पत्त्यासकट बागेच्या फाटकावर चिकटवली, आणि उद्यान अधीक्षक बाईंनी मला ऑफिसात बोलावून घेतलं.

"आमच्या ह्यांची आहे. आत लग्नाची तारीख कोरलीय," बाई म्हणाल्या. त्यांनी सांगितलेली तारीख जुळली.

"हरवली कुठे होती?" मी आपलं रीतसर विचारलं.

"गुलाबाच्या वाफ्यात. हातभर खोल."

अगदी तिथेच सापडली होती. पण हरवलेली वस्तू किती खोल आहे हे सांगणारी मालकीण मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"साहेब कुठे असतात हल्ली?" माझ्या तोंडून निसटलं.

"इथेच असतात की." बाईंनी खिडकीतून गुलाबांकडे पाहिलं. "आणखी खाली खणलंत का हो, भाऊ?"

"नाही, बाई."

"गुणाचे आहात. उंची किती तुमची?"

मी खरी सांगितली. घाबरलो की मी खरंच बोलतो.

आज सकाळी गुलाबांशेजारी नवा खड्डा दिसला.



प्रति, मा. उद्यान अधीक्षक बाई,
वाफ्याशेजारील पाच फूट आठ इंची खड्डा बुजवतेवेळी मला वगळण्यात यावे, ही नम्र विनंती.