मोठी चाके

धाकट्याने सेडानला मोठी, चकाकती अलॉय चाके बसवून घेतली आणि थोरल्याच्या पोटात दुखू लागले. त्याची स्वतःची गाडी अजून कंपनीच्या लहान चाकांवरच धावत होती.

"एवढे रुंद टायर वळताना घासणारच," गॅरेजच्या दाराशी लांब उभा राहून तो आशेने म्हणाला.

"नजर नको लावूस, दादा!" धाकट्याने हसत स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवले.

खर्रर्र.

"घासतंय बघ!"

मेकॅनिक चाकाशी वाकला. "कुठे? बोटभर फट आहे. मला तर आवाजही आला नाही. पण साहेब, तुमच्या खांद्याला काय लागलं?"

थोरल्याच्या डाव्या बाहीवर टायरच्या नक्षीचा काळा पट्टा उमटला होता. खालची कातडी सोलवटली होती.

"आता उजवीकडे वळवतो हं, दादा," धाकटा म्हणाला.